लिंबाच्या वेळचा खोकला

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जत्रेपासून मानपाड्यात हेच चालत आलेलं. गोपीनाथ मातीत उताणा पडून तळहातावर लिंबू धरणार आणि त्याचा तालमीतला जोडीदार काळुराम दांडपट्ट्याने त्या लिंबाचे दोन तुकडे करणार. गेली तीन वर्षं तर काळुराम डोळ्यांवर फडकं बांधून खेळायचा.

"नेमकं लिंबू धरल्यावरच कसा खोकला येतो तुम्हाला?" गोपीनाथची बायको तुळसा करवादली. "मागच्या साली बोट कापलं, तेवढं पुरे नाही झालं?"

"वय झालं गं," गोपीनाथ दमलेल्या आवाजात म्हणाला.

यंदाही तो खोकला, लिंबू कापलं गेलं, टाळ्या पडल्या. माणसं पांगल्यावर त्याने काळुरामच्या डोळ्यांवरचं फडकं काढलं आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.



"सावकाश रे, पुढे दोन पायऱ्या आहेत."