टेपाडातली बाळंतीण

गोजाबाई करवंदीच्या जाळीआड दबा धरून बसली होती. समोर तिचा नवरा भिमाजी टेपाडाच्या पोटाशी उकिडवा बसून कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. मधेच हसतही होता. घरात हा माणूस मीठ मागायलासुद्धा तोंड उघडत नसे.

दीड महिना हेच चाललं होतं. भाकरी खाल्ली की भर उन्हात नदीकडे पसार. बैल बघून येतो म्हणायचा. बैल तर गोठ्यात उभे. त्यात परवापासून तेलाची बाटली अर्धी झाली होती. चाळिशीच्या माणसाला डोकीला एवढं तेल कशाला लागतं, हे न कळायला गोजाबाई काही कुक्कुलं बाळ नव्हती. आज त्या भवानीच्या झिंज्या उपटायच्याच, असं ठरवून ती आली होती.

पदर खोचून ती पुढे झाली. “कुठं हाय ती?”

भिमाजीनं तोंडावर बोट ठेवलं. “हळू. बुजंल.”

टेपाडात साळिंदराचं जुनं बीळ होतं. आत अजगराची मादी वेटोळं घालून बसली होती. वेटोळ्याच्या फटीतून मुठीएवढी पांढरी अंडी दिसत होती. गोजाबाई दोन पावलं मागं सरली.

“भिऊ नगं. इख न्हाई तिला,” भिमाजी म्हणाला. “चैत पुनवंपासनं बसलीया. पोटात कण न्हाई. अंग कसं आचकं देतंय बघ. थंडी न्हाई वाजत, अंड्यास्नी ऊब देती. म्या बोट लावून बघितलं, ऊन लागतंय.” तो बिळाशी आणखी वाकला. “आईचं काळीज हाय, गोजा.”

गोजाबाईचा राग उतरायला हवा होता. तो दुप्पट झाला. बाई असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. तिसऱ्या खेपेला गोजाबाई बाळंत झाली, तेव्हा हाच भिमाजी चाकणच्या बैलबाजाराला म्हणून गेला, आणि पुन्हा मुलगीच झाल्याचं कळल्यावर बहिणीकडे बारा दिवस मुक्काम ठोकून बसला. खाटेखालची शेगडी फुंकायला शेजारीण होती. बायकोनं त्या दिवसांत काय खाल्लं, काय नाही, हे त्यानं आजतागायत विचारलं नव्हतं. आणि इथं एका सरपटणाऱ्या जनावराचे उपास बोटांवर मोजत होता! तिला त्या अजगराचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला याची लाजही वाटली.

“अन् हिचा नर?” तिनं विचारलं.

“त्यो कवाच निघून गेला.”

“म्हंजी हाय की वळखीचा.”

तेवढ्यात मुरमाच्या गाड्यांचा खडखडाट ऐकू आला. पंचावन्न सालच्या त्या उन्हाळ्यात पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, आणि त्याच्या रस्त्यासाठी चिखलीचा नदीकाठ खणून चालला होता. भिमाजी झटकन बिळाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. मुकादम उद्धवराव माणसं घेऊन थेट टेपाडाशी आला आणि थबकला. बिळाच्या वरच्या अंगाला शेंदूर फासलेला एक धोंडा होता, तेलानं निथळत. बाटलीतलं तेल कुठं गेलं ते गोजाबाईला आत्ता कळलं.

“ह्यो देव परवा नव्हता हितं,” उद्धवराव म्हणाला.

“जुना हाय.”

“कुठला देव?”

भिमाजी चाचरला. धोंडा रंगवायच्या घाईत देव ठरवायचा राहूनच गेला होता.

उद्धवराव गालात हसला आणि गोजाबाईकडे वळला. “वैनी, तुमीच सांगा. निवद तुमी दाखवता, तुमाला ठावं असणार. देव असंल तर आमी दुसरीकडं खणतो.”

भिमाजीनं बायकोकडे पाहिलं. इतकं आर्जव त्या डोळ्यांत तिनं लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं, आणि आजचंही तिच्यासाठी नव्हतं. एक शब्द, की कुदळ पडणार. गोजाबाईनं तो शब्द जिभेवर घोळवला. चांगला गोड लागला. भिमाजीच्या पायांमधून तिला बीळ दिसत होतं. आत ते अंग पुन्हा एकदा शहारलं.

तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि धोंड्याला हात जोडले.

“सटवाई हाय. धाकटीच्या पाचवीचा निवद हितंच दावला व्हता, शेजारणीच्या हातनं.”

उद्धवरावानं पायांतल्या वहाणा काढल्या, नमस्कार केला आणि गाड्या वळवायला सांगितल्या. तरी जाता जाता त्यानं भिमाजीला विचारलंच, “खरं का वो?”

“त्यास्नी काय इचारता,” गोजाबाई म्हणाली. “ते नव्हते तवा.”