शिफारशीचे चाळीस गुण

“अर्जदाराचं नाव?” नगरपालिकेच्या ग्लेनिसने कागदावरून नजर न उचलता विचारलं.

“अगं, रविवारी माझ्याकडे बसून बटाटा भरलेले सतरा पिरोगी हाणलेस, आणि आज नाव विचारतेस?”

“व्हर्ना, छळू नकोस. ओळखीवर काही लिहायचं नाही, असा नवा नियम आहे. तोंडाने सांगशील किंवा कागद जोडशील, तेवढंच खरं.”

व्हर्ना कोझाकने नाव सांगितलं. गावच्या आइस हॉकीच्या मैदानावर बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र ती बावीस हिवाळे चालवत होती. तेही हंगामी म्हणून. यंदा नगरपालिकेने ती जागा कायम केली, पेन्शनसकट. कायम जागा म्हणजे जाहिरात, मुलाखत, गुण. आज गुण कमी पडले, तर संध्याकाळी यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या खिशात जाणार होती.

“यंत्र चालवायचा अनुभव?”

ग्लेनिसच्या मागच्या खिडकीतून खालचा बर्फ दिसत होता. व्हर्नाने सकाळीच गुळगुळीत केलेला, आरशासारखा.

“बावीस वर्षं.”

“वीसपैकी वीस. प्रमाणपत्रं?”

“एकही नाही.”

“चाळीसपैकी शून्य.” ते शून्य ग्लेनिसने फार सुबक काढलं.

व्हर्ना बाहेर आली. बाकावर दुसरा अर्जदार बसला होता. ब्रॉडी फ्रीसन, वय सव्वीस. त्याची मुलाखत आधीच आटोपली होती. अनुभव एका हिवाळ्याचा, त्याचे गुण चार. प्रमाणपत्रं मात्र पाच: बर्फाचं, शीतयंत्रांचं, वायुगळतीचं, शिडीचं आणि चिडलेल्या पालकांशी कसं बोलावं याचं. चाळीसपैकी चाळीस.

“वाईट वाटतंय हो, व्हर्ना,” तो म्हणाला. “यंत्र मला तुम्हीच शिकवलंत.”

“वाईट वाटायचं होतं तर निदान शिडी तरी सोडायचीस. चार पायऱ्या चढायचं प्रमाणपत्र! उतरायचं वेगळं असतं का रे?”

उरले होते शिफारशीचे चाळीस गुण. नातलग चालणार नव्हते, नगरपालिकेची कायम माणसं चालणार नव्हती. चारशे वस्तीच्या त्या गावाला ही चाळणी लावल्यावर व्हर्नाच्या वाट्याला दोघेच उरले. एक पाद्री, ज्याच्याशी तिचा तीन वर्षं अबोला होता, आणि दुसरा ब्रॉडी. तिने ब्रॉडीचं नाव लिहून दिलं. ब्रॉडी तरी दुसऱ्या कुणाचं देणार? त्याने तिचंच दिलं होतं.

शिफारस फोनवरूनच घ्यायची, असाही नियम होता. बाकावर व्हर्नाचा फोन वाजला. ग्लेनिसचा आवाज फोनमधून आला आणि बंद दारातूनही.

“ब्रॉडी फ्रीसन यांच्याबद्दल आपलं मत?”

व्हर्नाने शेजारी पाहिलं. ब्रॉडी स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता. वळणावर घाई करतो, एवढं नुसतं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तो वळणावर घाई करत नव्हता. तिनेच शिकवलं होतं ना!

“पोरगा कामाचा आहे,” ती म्हणाली. “वेळेवर येतो, यंत्राला जपतो, बर्फ कळतो त्याला. डोळे मिटून कामावर घ्या.”

म्हणून टाकलं खरं. ब्रॉडीला आता कोण अडवणार?

“आभारी आहे. आपलं या विषयातलं प्रमाणपत्र?”

“ग्लेनिस!”

“आहे की नाही?”

“नाही!”

मग ब्रॉडीचा फोन वाजला. “व्हर्ना? अहो, पार पुढच्या तीन गावांत असा बर्फ कुणी करत नाही,” तो म्हणाला. मग जरा ताठ बसला. “माझं प्रमाणपत्र? एक नाही, पाच आहेत.”

दहा मिनिटांनी ग्लेनिस कागद घेऊन बाहेर आली. तिने तो दोनदा वाचला, कारण तिचाच त्यावर विश्वास बसत नव्हता.

“शिफारस तज्ज्ञाचीच ग्राह्य. तज्ज्ञ म्हणजे प्रमाणपत्रवाला. ब्रॉडी, तुझी शिफारस व्हर्नाची, तिच्याकडे प्रमाणपत्र नाही, म्हणून बाद, शून्य. व्हर्ना, तुझी तज्ज्ञाकडून आलेली, पूर्ण चाळीस. तुझे साठ, त्याचे चव्वेचाळीस.”

ब्रॉडी बाकावरून उठला. “म्हणजे... माझी पाचही प्रमाणपत्रं फुकट गेली?”

“फुकट कशी रे?” व्हर्नाने त्याच्या पाठीवर थाप मारली. “त्यांच्याच जोरावर तर मला नोकरी लागली!”