कालचा खेळ

दारात बसून मापटं भरता भरता मीठवाली चंद्रावती तंबूतल्या सिनेमाबद्दल भरभरून बोलत होती आणि सिप्पोराबाईंना हसू आवरत नव्हतं. बाई पनवेलच्या शाळेत शिकवायच्या. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"अगं, शेवटी मुलगी मरते. मी रविवारीच पाहिला ना! अख्खा तंबू रडत होता."

"मरते, बाई. पन मंग परत येते. तिचा लगीन लागतो, तिची आय गावभर लाडू वाटते. काल मी या डोल्यांनी बघला."

"मशीनवाल्यानं रिळं उलटसुलट लावली असणार. लग्न आधी आहे, मरण नंतर. मेलेली मुलगी परत कशी येईल, सांग बघू?"

चंद्रावतीनं मापटं खाली ठेवलं. "बाई, मेलेली पोर दारात येऊन उभी रायली, त कंची आय तिला इचारील, कशी आलीस म्हनून?"

बाईंची नजर भिंतीकडे गेली. तिथल्या फोटोतली त्यांची लेक जेरुशा गेली पाच वर्षं नऊ वर्षांचीच होती.

संध्याकाळी बाई तंबूच्या तिकीटखिडकीशी उभ्या होत्या. तिकीटवाला त्यांचाच जुना विद्यार्थी.

"बाई, हा तर तुम्ही पाहिलात की!"

"पाहिलाय रे. मला एवढंच सांग," बाईंनी आवाज खाली आणला, "मशीनवर आज कालचाच माणूस आहे ना?"