कड सोडून

"सर, ही तर लख्ख झालीय!"

प्राध्यापकांच्या घराच्या गच्चीवर विद्यार्थिनी स्टुलावर चढून जिन्यावरच्या उतरत्या छपराकडे पाहत होती. त्यांच्या प्रयोगशाळेत बनलेलं पहिलं मोठं सौर पॅनेल तिथे बसवलेलं होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'थोरली' म्हणत. थोरली एरवी काळीभोर असायची. आज तिच्या काचेतून खालचा पत्रा दिसत होता.

प्राध्यापकांनी मीटरच्या दोन्ही पिना लावल्या. शून्य. पुसून पुन्हा लावल्या, तरी शून्यच.

"गेल्या महिन्यात पाहिली तेव्हा कडेला जराशी पिवळी होती," ते म्हणाले.

"मग नोंद का नाही केली, सर?"

"कड कोण मोजतं?"

हे मात्र खरं. प्रयोगशाळेचा शिरस्ताच होता तो. काचेवरचा काळा थर कडेला हमखास बिघडायचा, म्हणून मधला नखाएवढा चौकोन मोजायचा आणि कड सोडून द्यायची. त्या चौकोनावर सरांचे अकरा शोधनिबंध उभे होते. बाराव्यात थोरलीचे आकडे जायचे होते. कडेचं पुढे काय होतं, हे एवढ्या हुशार माणसांत एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

विद्यार्थिनीने काचेच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. डिंक सुटला होता.

"पाणी इथून शिरलं. ओल लागली की काळ्याचं पिवळं होतं, ते ठीक. पण सर, पिवळंही नाहीये. मग गेलं कुठे?"

पिवळं म्हणजे थरातल्या शिशाचा विषारी क्षार, हे दोघांनाही पाठ होतं. तो पाण्यात थोडा थोडा विरघळतो, हेही. आणि महिनाभर पावसाने उसंत घेतली नव्हती, आज कुठे ऊन पडलं होतं.

प्राध्यापकांनी मीटर खाली ठेवला.

"असून असून किती असेल, सर? पाऊण ग्रॅम," ती समजूत घालत म्हणाली. "चिमूटभरसुद्धा नाही." मग तिची नजर छपराच्या पन्हळीवरून नळीवर आणि नळीवरून कोपऱ्यातल्या टाकीवर गेली. "हे पाणी बागेला जातं ना?"

पाऊण ग्रॅमला टाकीच्या पाचशे लिटरने भागायला प्राध्यापकांना कागद लागला नाही: पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दीडशेपट. आलेला आकडा त्यांनी मनातल्या मनात पुन्हा तपासला. तो बरोबर होता.

"टाकीला गाळणी आहे," ते शेवटी म्हणाले. आवाज वर्गात असायचा तो नव्हता.

"गाळणीत पाला अडकतो, सर."

जिन्यात पावलं वाजली. बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना लागलेली त्यांची मुलगी एकेक पायरी जपून चढत वर आली. तिच्या एका हातात दोन पेले ठेवलेला ट्रे होता, दुसऱ्या हातात तिचा स्वतःचा पेला.

"बाबा, किती वेळ उन्हात उभे राहणार? पाणी घ्या आधी."

विद्यार्थिनीने सवयीने पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि हळूच परत ट्रेमध्ये ठेवला.

"अगं, घे की. नळाचं नाही ते. नळाच्या पाण्याने मला मळमळतं, म्हणून आई माझ्यासाठी या टाकीतलं काढते. गोड लागतं."

प्राध्यापकांनी पुढे होऊन मुलीच्या हातातला पेला काढून घेतला. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं.

"बाबा! हिसकावताय काय?"

"कधीपासून पितेस हे?"

"आल्यापासून. महिना होईल आता." तिने मोकळा झालेला हात पोटावर ठेवला आणि हसली. "आम्हा दोघांनाही छान मानवलंय."