पाहिलं तेवढंच

माझी बायको चांगुणा वारली, त्या दिवशी नाशिकच्या आमच्या शास्त्रीय चित्रकार संघाचे सगळे सभासद घरी आले. हार घालायला तिचा एकही फोटो नव्हता.

"फोटो कशाला? आपण चित्रकार आहोत ना," खंडेराव म्हणाले.

भिंगाखाली पानं-किडे ठेवून डोळ्यांनी पाहिलं तेवढंच काढायचं, अंदाजाने रेघ मारायची नाही, हा संघाचा नियम मीच केलेला. बैठका आमच्याच घरी व्हायच्या आणि चहा तीच द्यायची.

कागद एकेकाच्या हातात फिरला. बोटं, बांगड्या, मनगटावरचा भाजल्याचा डाग, पुढे केलेली कपबशी, सगळं हुबेहूब उतरलं.

"वहिनी चहा पुढे ठेवायच्या, तेव्हा आपली मान भिंगातच असायची हो," सहादू पुटपुटला.

शेवटी कागद माझ्यापुढे आला.



संघ अजून चालवतो. तिचा चेहरा काढायचा राहिला आहे.