टोपल्याला शिव्या

"काऊन रे टोपल्या, लाज नाई वाटत तुले? लोकाइच्या कोंबड्या कापून रस्सा भुरकतो, अन् वरून मान ताठ करून चालतो!"

धुरपताबाई हे डोक्यावरच्या टोपल्याला सांगत होती. ऐकायचं मात्र वीस पावलं पुढे टेकडी चढणाऱ्या ताराबाईनं आणि तिच्या रीनानं. सात वर्षांपूर्वी एका कोंबडीवरून दोन शेजारघरांचं फाटलं. दोघींनी हनुमानाच्या पायरीला हात लावून शपथ घेतली, मेलो तरी एकमेकींशी बोलणार नाही. धुरपताबाईनं शपथ अगदी काटेकोर पाळली. ताराबाईशी एक शब्द नाही. जे काय ओकायचं ते टोपल्याजवळ, बकरीजवळ, नाहीतर हापशीच्या दांड्याजवळ.

ताराबाईनं कमरेला बांधलेल्या रिकाम्या डब्यावर काडीनं तीन ठोके दिले. टण् टण् टण्.

डबा जनावराला दूर ठेवायला. टेकडीवर वाघाला कुणी वाघ म्हणत नाही, जनावर म्हणतात. पण रीनाला डब्याचा राग आला. बाई शिवी देते आणि आपली आई डबा वाजवते! हे काय उत्तर झालं?

"आई, मी एकदाच बोलतो ना तिले."

"तोंड बंद ठेव."

गेले तीन दिवस हेच. तोंड बंद ठेव. आणि तोंड तर रीनाचं नुकतंच उघडलं होतं! तीन वर्षं चिमूरला मावशीकडे राहून शिकली, या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली. माइकसमोर हात थरथरला नाही की घसा सुकला नाही. चार दिवसांपूर्वी दहावीचा शेवटचा पेपर देऊन ती गावी आली आणि आईबरोबर मोहफुलं वेचायला निघाली, तर इथं पुन्हा मुकीची मुकीच.

टेकडीवर पोचल्या. धुरपताबाईचं मोहाचं झाड नाल्यापलीकडे, यांचं अलीकडे. मधे बांबूची दाट रांजी. कुणी कुणाला दिसत नाही. तिघी वाकून वेचायला लागल्या. फुलं ओली, टपोरी, वासानं डोकं भणाणून सोडणारी.

"अरे टोपल्या, तुही पोरगी पाह्यली का? चार बुकं वाचून आली त माणसाले माणूस नाई समजत! दोन वेण्या हालवत चालते, जशी काही कलेक्टरीण!"

टण् टण् टण्.

बस्स. रीना ताठ उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला, जसा स्टेजवर घ्यायची तसा.

"ओ बाई! टोपल्याले काय सांगता, मले सांगा! तुमच्या या तोंडापाईच तुमचे मालक मुखरूकाका गेले. जनावरानं नाई नेलं त्याइले. तुमच्या कटकटीले कंटाळून तेच गेले जनावराकडं!"

पल्ल्याचा आवाज होता. टेकडीभर गेला. झाडावरचे पोपटसुद्धा उडाले.

पलीकडून एक शब्द आला नाही.

रीनाला आतून टाळ्या ऐकू आल्या. सात वर्षांत कुणाला जमलं नव्हतं ते तिनं एका दमात केलं होतं. हसत तिनं आईकडे पाहिलं.

आईच्या ओंजळीतली फुलं खाली सांडली होती.

"काय केलंस वं हे?" ताराबाई पुटपुटली. तिनं डबा वाजवला. टण् टण् टण्. कान दिला. पलीकडे काही नाही. पुन्हा वाजवला. काही नाही.

"बरं झालं ना, चूप झाली."

"मुखरूभाऊ गेला त्या दिवशी ती चूपच होती," आई म्हणाली. "सकाळी भाजीवरून बिनसलं होतं दोघाइचं. रुसली. त्याच झाडाखाली दोघं पाठीले पाठ करून वेचत होते, अन् दोन घंटे तिनं हाक नाई मारली त्याले. मारली तवा खाली टोपलाच होता. तवापासून टेकडीवर ती चूप नाई राहात. तिले माह्याशी बोलता येत नाई, मले तिच्याशी बोलता येत नाई. ती शिवी देते, म्हंजे जित्ती हाय. मी डबा वाजवतो, म्हंजे मी जित्ती हाय. तीन वर्सं झाली पोरी, असंच चालू हाय आमचं."

रीनाला आठवलं. डबा कधीच मधे वाजला नव्हता. शिवी संपली की वाजायचा. दरवेळी.

बांबूच्या रांजीत काहीतरी सळसळलं. वारा नव्हता.

ताराबाई काडी आपटत सुटली. डब्याला पोचा पडला. पलीकडे शांत. ती नाल्याच्या दिशेनं दोन पावलं गेली, थांबली, तोंड उघडलं आणि धुरपताबाईचं नाव घशातच अडकलं. सात वर्षं न घेतलेलं नाव.

रीनानं आपला टोपला उचलला, दोन्ही हातांत तोंडासमोर धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली.

"काऊन रे टोपल्या! कान फुटले का तुये? लोकाइच्या पोरीले कलेक्टरीण म्हणतो, अन् उत्तर द्यायची येळ आली का दातखीळ बसते? उठ ना मुडद्या! माह्यासारख्या टीचभर पोरीले भेला? थू तुह्या जिंदगीवर!"

तिचा आवाज फाटला. या वेळी हातही थरथरत होते.

टोपला तोंडासमोर तसाच धरून ती कान देऊन उभी राहिली.

मग नाल्यापलीकडून, कुणी दगडानं पाण्याचा तांब्या ठोकावा तसं, रागारागानं ऐकू आलं.

टण्. टण्. टण्.

ताराबाई मटकन खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. सांडलेली फुलं एकेक करून टोपल्यात टाकत, वर न पाहता ती लेकीला म्हणाली,

"वेच आता. अन् तोंड चालू ठेव."