जिजाबाईची दाढ

"ए चिन्या, बंद कर दुकान!" भैय्याजी ओरडला. तोंड एवढं वासलं का समोरचा सोन्याचा दात उन्हात चमकला.

इतवारीच्या बाजारात लिऊ डॉक्टरच्या दातांच्या दवाखान्यापुढं ही गर्दी. तिकडं बर्फात चीनसंग लढाई चालू, अन् इकडं ह्या शूरवीराले लढाले सापडला कोण, तं एक म्हातारा दातवाला!

भैय्याजीच्या हातात थाळी होती. लढाईसाठी सोनं गोळा करून राहिला होता. सकाळीच त्यानं गल्लीतल्या जिजाबाईले नाकातली फुली काढाले लावली. "देशापेक्षा नाक मोठं झालं काय वं?" बाईनं मुकाट्यानं काढून देली. आता बाईही गर्दीत उभी होती, सुजलेला गाल पदरानं दाबून.

लिऊ दारात आला. "बंद करतो भैय्याजी. पण जाऊ कुठं? मी जन्मलो इथं, बाप मेला इथं."

"चीनले जाय!"

"भैय्याजी," जिजाबाई पुढं आली, "थाळीत तुमचा दात नाही दिसत."

मागून कोणीतरी फिसकन हासलं. भैय्याजीनं तोंडावर हात ठेवला. "तो निघत नाही वं. पक्का बसवला हाये."

"कोणं बसवला?"

भैय्याजीनं ओठ गच्च मिटले. सारी देशभक्ती ओठाआड गेली.

लिऊनं आतली खुर्ची फडक्यानं पुसली. "या ना. देशाचं काम हाये, फुकटात काढून देतो."

भैय्याजी मागं सरकला. आणखी मागं. मंग थाळी सावरत लोकांच्या आड झाला. गर्दी मात्र दारातच. दुकान बंद होते का नाही, ते पाहाले.

खुर्ची रिकामीच होती. जिजाबाई आत गेली अन् बसली.

"मंग माही दाढ पाहा."

लिऊनं आरसा घातला. "किडली हाये. पण मूळ धड हाये. उपटली तं आत्ताच मोकळ्या. वाचवाची असन तं आज दवा भरतो, अन् आठ दिवसांनी त्याच खड्ड्यात पक्की चांदी. पण आठ दिवसांनी मी..." त्यानं दाराकडं पाहिलं.

जिजाबाईनंही पाहिलं. दारातल्या एकेकाच्या तोंडाकडं, सावकाश.

"दवा भरा डॉक्टर," जिजाबाई मोठ्यानं म्हणाली. "आठ दिवसांनी येतो मी."